गाडीचा दिवा गेला की दोष बल्बचाच असतो का? पावसाळ्यात पनवेलकरांनी हे वाचायलाच हवं

कळंबोली सर्कलला गाड्या खोळंबल्यात, वरून पाऊस कोसळतोय. मागचा दुचाकीवाला पुढे येऊन काचेवर टकटक करतो आणि ओरडून सांगतो, "काका, तुमचा ब्रेक लाइट लागत नाही!" आपण मान डोलावतो आणि मनात म्हणतो, उद्या बल्ब बदलून घेऊ. दुसऱ्या दिवशी चाळीस-पन्नास रुपयांत बल्ब बदलला जातो. दिवा लागतो. आठवड्याभराने पुन्हा बंद! मग आपण त्या बल्बच्या कंपनीला शिव्या घालतो.

मंडळी, बऱ्याचदा त्या बल्बची काहीच चूक नसते. दिवा म्हणजे एका लांबलचक वाटेचं शेवटचं घर. वाटेत कुठेही दरड कोसळली तरी अंधार त्या घरात होतो. गाडीच्या दिव्यांच्या तक्रारींपैकी चिवट, परत परत येणाऱ्या आणि कधीकधी गाडीला आग लावणाऱ्या तक्रारी या वाटेतल्याच असतात. ती वाट कशी असते, पनवेलसारख्या गावात ती का बिघडते आणि वायरमनकडे गेल्यावर नेमकं काय सांगायचं, ते आज बघू.

पनवेलच का?

कारण इथून निघालेली गाडी पाच-दहा मिनिटांत मोठ्या रस्त्याला लागते. कळंबोलीला ९४.५ किलोमीटरचा मुंबई-पुणे एक्सप्रेसवे सुरू होतो, पळस्पे फाट्याहून कोकणात जाणारा महामार्ग निघतो (पूर्वीचा १७ नंबर, आताचा ६६, जो थेट कन्याकुमारीला पोचतो) आणि जेएनपीटीकडचे कंटेनर रात्रंदिवस याच भागातून फिरत असतात. गल्लीत ब्रेक लाइट बंद असला तर फार तर बंपर ठोकला जाईल. पण ताशी ८० किलोमीटर वेगाने मागून येणारा कंटेनर सेकंदाला २२ मीटर अंतर कापतो. तुम्ही ब्रेक दाबलाय हे त्याच्या ड्रायव्हरला तुमच्या लाल दिव्यावरून कळतं. दिवा नसेल तर तुमची गाडी जवळ येतेय हे त्याला डोळ्यांनी जोखावं लागतं, तेही पावसात आणि वायपरच्या फटकाऱ्यांमधून. त्यात एक सेकंद गेला तर २२ मीटर गेले.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. टॅक्सी, टेम्पो, ट्रक यांना ठरावीक काळाने फिटनेस तपासणी असते. आपल्या खासगी गाडीची नोंदणी मात्र एकदम १५ वर्षांची. पीयूसी करताना धूर तपासतात, दिवे नाही. म्हणजे एमएच-४६ ची पाटी लागली की पुढची १५ वर्षं तुमचा मागचा दिवा पेटतो की नाही हे सरकारी पातळीवर कुणी नियमाने बघत नाही. ते काम तुमचं, किंवा मग त्या भल्या दुचाकीवाल्याचं.

दिव्यापर्यंतची वाट

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट देतो आणि दिवे त्याच्यावर चालतात. वीज बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून निघते, फ्यूजमधून जाते, मग स्विच किंवा रिले, मग दोन-चार कपलर (वायरी एकमेकींना जोडणारे प्लास्टिकचे सॉकेट), मग होल्डर आणि शेवटी बल्ब. अर्धी वाट झाली.

उरलेली अर्धी वाट परतीची. घरात जशी फेज आणि न्यूट्रल अशा दोन वायरी लागतात, तसं गाडीत नसतं. बल्बच्या दुसऱ्या टोकाची छोटी वायर जवळच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेली असते. तिथून वीज गाडीच्या पत्र्यातून, म्हणजे बॉडीतून, बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाते. यालाच गॅरेजमध्ये 'अर्थ' किंवा 'बॉडी अर्थ' म्हणतात. वायर वाचते, वजन वाचतं, पैसे वाचतात. पण सगळी भिस्त त्या एका स्क्रूवर. त्याच्याखाली गंज धरला की परतीचा रस्ता बंद.

आता गंमत बघा. परतीचा रस्ता बंद झाला तरी वीज गप्प बसत नाही, दुसऱ्या बल्बमधून वाट शोधते. म्हणून कधीकधी गाडी भूत लागल्यासारखी वागते. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लुकलुकतो. इंडिकेटर दिला की त्याच्याबरोबर मागची पार्किंग लाइट उघडझाप करते. डावा दिवा भक्क, उजवा मिणमिणता. असं काही दिसलं तर बल्ब विकत घ्यायला जाऊ नका. दहापैकी बहुतेक वेळा मागच्या दिव्याचा अर्थ खराब झालेला असतो. स्क्रू सोडायचा, पत्रा आणि वायरीचं थिंबल पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासायचं, पुन्हा घट्ट आवळायचं आणि वरून थोडं ग्रीस किंवा व्हॅसलीन लावायचं. पंधरा मिनिटांचं काम, खर्च जवळजवळ शून्य. आणि याच दुखण्यासाठी लोक पूर्ण टेल लॅम्प बदलून बसलेले असतात!

मंद दिव्याचं गणित तर फारच क्रूर आहे. हॅलोजन बल्बला मिळणारे व्होल्ट १० टक्क्यांनी घटले तर उजेड १० टक्के नाही, जवळपास ३० टक्के घटतो. वाटेत एक-दीड व्होल्ट खाल्ले गेले की कर्नाळ्याच्या जंगलातल्या रस्त्यावर खड्डा दिसायचा तेव्हा दिसत नाही. आपण म्हणतो, "वय झालं, डोळ्याचा नंबर वाढला." डॉक्टरकडे जाण्याआधी एकदा हेडलाइटचा अर्थ तपासून घ्या.

पाऊस, खाडी आणि हिरवा थर

कोकणपट्टीत वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शेजारी खाडी, त्यामुळे हवेत दमटपणा आणि खारेपणा बारमाही. कपलरच्या आत पितळेच्या किंवा तांब्याच्या बारीक पिना असतात. त्यांच्यावर ओल बसली आणि वरून वीज वाहत राहिली की हिरवा-पांढरा थर चढतो. हा थर वीज नीट वाहू देत नाही.

पुन्हा रस्ते खड्ड्यांचे. गाडी हादरते तशा कपलरमधल्या पिना एकमेकींवर केसाएवढ्या घासत राहतात. प्रत्येक घासण्याने धातूचा सूक्ष्म भुगा निघतो, तो हवेत गंजतो आणि पिनांच्या मध्ये साचतो. बाहेरून कपलर नवाकोरा दिसतो, आतून मात्र जोड सैल पडलेला असतो.

हे फक्त आपल्या खड्ड्यांचं दुखणं आहे असं समजू नका. मे २०१४ मध्ये जनरल मोटर्सला अमेरिकेत सुमारे २४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. शेव्हरोले मालिबू, पाँटिअॅक जी-६, सॅटर्न ऑरा अशी मॉडेल्स होती. कारण काय, तर वायरिंगच्या एका कपलरमध्ये गंज धरत होता. त्यामुळे ब्रेक दाबला तरी ब्रेक लाइट लागत नसे, किंवा न दाबताच लागून राही. आणि उपाय? कपलर नीट घट्ट बसवायचा आणि पिनांना खास ग्रीस लावायचं! एवढ्या मोठ्या कंपनीच्या लाखो गाड्यांचं औषध चिमूटभर ग्रीस निघालं. आपल्याकडचा अनुभवी वायरमन हेच करत असतो, फक्त त्याला कुणी 'रिकॉल' म्हणत नाही.

पावसाळ्यात हेडलाइटच्या काचेत आतून धुकं धरतं, त्याने घाबरू नका. दिव्याच्या मागे हवा खेळण्यासाठी बारीक भोकं असतात, त्यामुळे थोडी वाफ येते आणि दिवा लावला की अर्ध्या तासात जाते. पण तळाला पाणी साचून हलताना दिसत असेल तर सील गेलंय किंवा बल्ब बदलताना मागचं रबरी टोपण कुणीतरी नीट बसवलेलं नाही. हे दुसरं कारण फार सर्रास सापडतं. टोपण वायपरच्या पाण्याच्या टाकीमागे पडलेलंही मिळतं!

गाढी नदी फुगली की पनवेलच्या सखल भागात पाणी शिरतं, कळंबोली-कामोठ्यातही पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी अनेकांनी पाहिलंय. गाडी पाण्यात उभी होती असं कळलं तर चावी फिरवून "चालू होते का बघूया" हा मोह आवरा. इंजिनाचं नुकसान होतंच, शिवाय ओल्या कपलरमधून वीज सोडली की गंज चढायला वेळ लागत नाही. पाणी ओसरल्यावर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि गाडी टोइंगने न्या. सीटखालचं कार्पेट उचलून बघायला सांगा. बऱ्याच गाड्यांत मागच्या दिव्यांचं वायरिंग दरवाजाच्या उंबऱ्यातून, कार्पेटखालून जातं आणि तिथे पाणी आठवडाभर साचून राहतं. गाडी वाळली असं आपण समजतो आणि दिवाळीत दिवे एकेक करून जायला लागतात.

राहता राहिले उंदीर. पावसात बिळं बुडाली की त्यांना इंजिनाची ऊब आवडते. वायरी कुरतडण्यामागे भूक हे कारण नाही. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला काहीतरी लागतं. बॉनेट आठवड्यातून एकदा उघडून बघणं आणि गाडी रोज हलवणं याहून खात्रीचा उपाय कुणाकडे नाही. तंबाखूच्या पुड्या, फिनेलच्या गोळ्या, जाळ्या, स्प्रे सगळं करून झालेले लोक सोसायटीत भेटतीलच, त्यांना विचारा.

शंभर वॅटचा मोह

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथे जळतो तो नुसता बल्ब नाही.

आपल्याकडच्या लाखो गाड्यांत एच-४ नावाचा हॅलोजन बल्ब असतो. तो ६०/५५ वॅटचा, म्हणजे अप्परला ६० आणि डिपरला ५५. बाजारात त्याच मापाचा, त्याच खाचांचा १००/९० वॅटचा बल्ब मिळतो. आरामात बसतो. रस्ता दिवसासारखा दिसतो. मग अडचण कुठे आहे?

१२ व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर वीज ओढतो, १०० वॅटचा ८.३ अँपिअर. वायरीत आणि कपलरमध्ये तयार होणारी उष्णता विजेच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शाळेत शिकलोय आपण हे, फक्त परीक्षेनंतर विसरलो. हिशेब केला तर त्याच वायरीत पावणेतीनपटीहून जास्त उष्णता होते. वायर तीच, पिना त्याच, होल्डर तेच.

आता त्यात एक जुना, जरासा गंजलेला कपलर धरा. त्याने दोन व्होल्ट खाल्ले असं मानू. २ व्होल्ट गुणिले ८ अँपिअर, म्हणजे १६ वॅट उष्णता, बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या तुकड्यात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं छोटं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे तुमच्या बॉनेटखाली एक बऱ्यापैकी तापलेलं आयर्न प्लास्टिकला टेकवून ठेवलंय आणि तुम्ही गोव्याला निघालात.

मग फ्यूज का उडत नाही? लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. फ्यूज उष्णता मोजत नाही, प्रवाह मोजतो. १० अँपिअरच्या फ्यूजमधून ८ अँपिअर गेले तर त्याच्या लेखी सगळं आलबेल. शॉर्ट झालं, प्रवाह एकदम वाढला, तर तो उडतो. सैल जोड तापून वितळतोय हे त्याला कळतच नाही. म्हणून "फ्यूज आहे ना, मग काय व्हायचंय" हे म्हणणं धोक्याचं. आणि तो फ्यूज उडाला तर लाल १० अँपिअरच्या जागी हिरवा ३० चा घालणं, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं, म्हणजे वायरीलाच फ्यूज बनवणं. फ्यूज बल्बला नाही, वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो परत परत उडत असेल तर काहीतरी खरंच चुकतंय असं तो ओरडून सांगतोय.

उजेड हवाच असेल तर माझं मत विचाराल तर बल्ब मूळ ६०/५५ चाच ठेवा आणि रिले असलेलं, कपलरला कपलर जुळणारं, न कापता बसणारं वायरिंग किट लावा. यात जाड वायर बॅटरीकडून फ्यूजमधून थेट बल्बला जाते, स्विचवरचा भार उतरतो, वाटेत व्होल्ट कमी पडत नाहीत. जुन्या गाडीत याने पडणारा फरक बघून लोक चकित होतात. त्याआधी पिवळी पडलेली हेडलाइटची काच पॉलिश करून घ्या, तिथेही बराच उजेड अडकलेला असतो.

एलईडी बल्बबद्दलही विचारणार, माहितेय. एच-४ च्या काचेत डिपरच्या तारेखाली एक चिमुकली पत्र्याची वाटी असते. ती वर जाणारा उजेड अडवते, त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जात नाही. मागचा आरसा त्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. तिथे दुसऱ्या आकाराची, दुसऱ्या जागी चमकणारी चिप बसवली की उजेड भरपूर पडतो, पण कुठेही पडतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम याबद्दलच आहे: दिव्यापासून ८ मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे उभ्या असलेल्या आणि डोळे जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या माणसाला झोताने दिपवता कामा नये. मूळचे एलईडी दिवे घेऊन आलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी, त्यांचा आरसा आणि भिंगच त्यासाठी केलेलं असतं.

मोठ्या कंपन्याही इथेच अडखळल्या

नॅनो आठवतेय ना? ऑक्टोबर २००९ मध्ये, गाडी रस्त्यावर येऊन काही महिने होत नाहीत तोच, वेगवेगळ्या शहरांतल्या तीन नॅनोंच्या स्टिअरिंगजवळून धूर निघाला. टाटा मोटर्सने तपासल्यावर बोट ठेवलं ते कॉम्बिनेशन स्विचवर. हा स्विच म्हणजे स्टिअरिंगच्या बाजूची ती दांडी, जिने आपण इंडिकेटर देतो आणि अप्पर-डिपर मारतो. त्यात शॉर्ट होत होतं. पुढे मार्च २०१० मध्ये मुलुंडला शोरूममधून घरी निघालेली कोरी नॅनो पेटली. आतली माणसं वेळेत बाहेर पडली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने एक्झॉस्ट आणि इलेक्ट्रिकल यंत्रणेला जादा संरक्षण मोफत बसवून द्यायचं जाहीर केलं. रिकॉल हा शब्द मात्र टाळला. एका स्वस्त गाडीच्या प्रतिमेला लागलेला तो चटका पुढे भरून निघाला नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि ते चुकीचं नसावं.

दुसरं उदाहरण आपल्या एक्सप्रेसवेच्या दुसऱ्या टोकाजवळचं. तळेगावच्या कारखान्यात शेव्हरोलेच्या बीट आणि स्पार्क या गाड्या बनत. जुलै २०१५ मध्ये जनरल मोटर्स इंडियाने या दोन आणि एन्जॉय मिळून सुमारे १ लाख ५५ हजार गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. दोष कारखान्यातल्या वायरिंगमध्ये नव्हता. रिमोटने दरवाजे उघडायचं जे यंत्र डीलरकडे वरून बसवून मिळायचं, त्याच्यामुळे आगीची शक्यता होती.

या दुसऱ्या गोष्टीत आपल्या सगळ्यांसाठी काहीतरी आहे. नवी गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात आपण काय करतो? फॉग लॅम्प, म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा, डॅशकॅम, मोठा हॉर्न, दरवाजाखालची निळी लाइट. प्रत्येकासाठी कुठलीतरी वायर सोलली जाते, तिला दुसरी वायर पिळून जोडली जाते आणि वरून काळी टेप. ती टेप इंजिनाच्या उष्णतेत दोन उन्हाळ्यांत सुटते. मग उघडी तांब्याची तार पत्र्याला टेकायची वाट बघत राहते.

विम्याचा भागही समजून घ्या. सर्वसाधारण पॅकेज पॉलिसीत आग आणि आपोआप पेट घेणं याला संरक्षण असतं, पण इलेक्ट्रिकल बिघाड आणि झीज यांना नसतं. म्हणजे वायरिंग बिघडलं तर खर्च तुमचा, त्यातून गाडी पेटली तर दावा करता येतो. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंसाठी वेगळा हप्ता भरून त्या पॉलिसीत नोंदवाव्या लागतात. नोंद न करता वायरिंग कापलेलं निघालं तर सर्व्हेअर त्यावर प्रश्न विचारणार, हे धरून चाला. वायर कापली की इलेक्ट्रिकल वॉरंटीवरही पाणी सोडावं लागू शकतं.

वायरमनला काय सांगायचं?

"लाइट लागत नाही" एवढंच सांगितलं तर तोही अंदाजाने सुरुवात करणार. त्याऐवजी लक्षण सांगा. इंडिकेटर एका बाजूला भराभर टिकटिकतो? त्या बाजूचा एक बल्ब गेलाय, किंवा कमी वॅटचा एलईडी लावल्यामुळे फ्लॅशरला बल्ब गेल्यासारखं वाटतंय. दोन्ही बाजूंचे ब्रेक लाइट एकदम गेले? दोन्ही बल्ब एकाच दिवशी जाणं अवघड आहे, तेव्हा फ्यूज किंवा ब्रेक पेडलवरचा छोटा स्विच बघायला सांगा. तोच स्विच अडकला तर ब्रेक लाइट रात्रभर लागून राहतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते. गाडी न्यूट्रलला असताना सगळे दिवे मंद आणि रेस दिली की प्रखर? अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा बॅटरीचे टर्मिनल. बल्ब महिन्या-दोन महिन्यांनी उडतच राहतात? चार्जिंग मोजून घ्या, १५ व्होल्टच्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय आणि बल्बमागोमाग महागड्या वस्तूही जातील. खड्ड्यात गेलं की दिवा लुकलुकतो? सैल होल्डर किंवा अर्थ.

चांगला वायरमन ओळखायची एक खूण आहे. तो मीटर बाहेर काढतो. दिवा लावून ठेवून बॅटरीचं निगेटिव्ह आणि बल्बच्या होल्डरमधली अर्थची पिन यांच्यामध्ये मोजलं तर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. बॅटरीचं पॉझिटिव्ह आणि बल्बची पॉझिटिव्ह पिन यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको. जास्त दिसलं तर चोर त्या बाजूला लपलाय. दिवा बंद ठेवून मोजलं तर यातलं काहीही दिसत नाही, कारण वीज वाहतच नसते. हा मीटर पाचशे रुपयांच्या आत मिळतो, स्वतःला आवड असेल तर घेऊन ठेवा.

जोड द्यायचाच असेल तर थिंबल दाबून किंवा सोल्डर करून, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवून द्यायला सांगा. पन्नास-शंभर रुपये जास्त घेईल, द्या.

आणि एक, घरच्या घरी तपासणी. संध्याकाळी गाडी दुकानाच्या शटरसमोर किंवा सोसायटीच्या भिंतीला पाठ करून उभी करा. ब्रेक दाबा, आरशात बघा, भिंतीवर लाल उजेडाचे दोन डाग दिसले पाहिजेत. मग रिव्हर्स, इंडिकेटर, पार्किंग. पुढे वळवून डिपर. तीन मिनिटं लागतात, मदतनीस लागत नाही. नियम १०५ सांगतो की सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत, आणि उजेड पुरेसा नसेल अशा कोणत्याही वेळी दिवे लागले पाहिजेत, मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. 'उजेड पुरेसा नसेल' यात जुलैमधली भर दुपारही आली.

रात्री रस्त्यातच सगळं गेलं तर

भाताण बोगद्याच्या अलीकडे किंवा पेणच्या वाटेवर हेडलाइट अचानक गेले तर जोरात ब्रेक मारू नका, मागच्याला तुम्ही थांबताय हे कळणार नाही. आधी अप्पर ओढून बघा. अप्पर आणि डिपरची तार, आणि कित्येक गाड्यांत फ्यूजही, वेगवेगळे असतात. एक गेलं तरी दुसरं चालू असू शकतं. फॉग लॅम्प असतील तर तेही. चारही इंडिकेटर लावा, बहुतेक गाड्यांत त्यांची वाट हेडलाइटपेक्षा वेगळी असते. हळूहळू वेग कमी करत डावीकडे, पांढऱ्या पट्टीच्या बाहेर घ्या.

गाडीतून सगळ्यांनी डाव्या दारांनी उतरायचं आणि कठड्यापलीकडे जाऊन उभं राहायचं, गाडीच्या मागे किंवा आत नाही. लाल त्रिकोण मागे, जमेल तितका लांब ठेवा. मदतीसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३.

प्लास्टिक जळल्यासारखा वास येत असेल किंवा डॅशबोर्डमधून धूर दिसत असेल तर चावी बंद करून लगेच सगळे बाहेर पडा. बॉनेटच्या फटींतून धूर येत असताना ते पूर्ण उघडू नका, आत हवा गेली की धुमसणारं भडकतं. बॅटरीची वायर काढायला जायचं ते धूर थांबला असेल तरच, आणि काढायची ती निगेटिव्ह. त्यासाठी १० नंबरचा पाना गाडीत ठेवा, बहुतेक गाड्यांना तोच लागतो.